पहिल्या आठवड्याची गर्दी ओसरल्यावर: शोकातल्या ख्रिस्ती कुटुंबाला वर्षभर सोबत कशी करावी

ठाण्यात किंवा नवी मुंबईत ख्रिस्ती घरात मयत झाली की पहिल्या दिवशी माणसं कमी पडत नाहीत. पाळकसाहेब येतात, फादर येतात, महिला मंडळ येतं. नगर-संगमनेरकडचे नातेवाईक रात्रीच्या एसटीने पहाटे पोचतात. सोसायटीतले शेजारी खुर्च्या काढून देतात, कुणीतरी पिठलं-भाकरी आणून ठेवतं. दफन होतं, सातव्या दिवसाची मिस्सा (कॅथलिकांची प्रभुभोजनाची उपासना) किंवा स्मरणसभा होते आणि दहाव्या-बाराव्या दिवशी शेवटचा पाहुणा गाडीत बसतो.

दुःख खऱ्या अर्थाने अंगावर येतं ते त्यानंतर. बधिरपणा उतरलेला असतो, ऑफिसची रजा संपलेली असते, संध्याकाळी सातला कुलूप उघडून आत गेलं की घर गप्प असतं. बहुतेकांच्या बाबतीत ही वेळ तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात येते, आणि तोवर मंडळीचं, म्हणजे चर्चच्या माणसांचं, सांत्वन संपून गेलेलं असतं. जी मदत आपण सात दिवसांत ओततो तीच बावन्न आठवड्यांत वाटून कशी द्यायची, हे इथे सांगायचं आहे. ज्याच्या घरी मृत्यू झाला त्यानेही हे वाचावं, कारण मदत कधी आणि कोणती मागायची हे त्या दिवसांत सुचत नाही.

पहिले दोन दिवस: एक माणूस, एक वही

सर्वांत आधी एक जबाबदार माणूस ठरवा. तो घरातला नको. मंडळीतला किंवा आपल्या पॅरिशमधल्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या, छोट्या ख्रिस्ती समुदायातला, शक्यतो दोन किलोमीटरच्या आत राहणारा असावा. नवी मुंबईत एकाच चर्चची माणसं ऐरोलीपासून सीवूड्सपर्यंत विखुरलेली असतात. खारघरहून घणसोलीला रोज येतो म्हणणारा माणूस चौथ्या दिवशी थकतो, त्यात त्याचा दोष नाही. या माणसाकडे एक शंभर पानी वही द्या. कोण आलं, कुणी काय करतो म्हणाला, कोणता कागद कुठे आहे, सगळं तिच्यात उतरवा. पुढे वर्षभर हीच वही लागणार आहे.

कागदांचं काम लवकर उरकलं तर नंतरचा त्रास वाचतो. मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर मृत्यूच्या कारणाचा दाखला रुग्णालयच नमुना ४ मध्ये देतं. घरी झाला असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून नमुना ४-अ घ्यावा लागतो. महापालिकेकडे नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. ख्रिस्ती घरांत इथे नेहमी एक घोळ होतो. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि सगळ्यांच्या तोंडी तिसरंच. नोंद करताना आधार कार्डावरचं स्पेलिंग समोर ठेवा आणि फॉर्मवर सही करण्याआधी दोन माणसांनी ते अक्षर-अक्षर तपासा. प्रमाणपत्राच्या आठ-दहा प्रती घ्या. बँक, विमा, पीएफ, गॅस, सोसायटी, सगळीकडे ते मागतात. मृत्युपत्र नसेल तर भारतीय ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. त्यानुसार पत्नी आणि मुलं मागे असतील तर एक तृतीयांश पत्नीला आणि दोन तृतीयांश मुलांना मिळतं. मयताच्या घरात हा विषय काढू नका, पण कुणी घाईने कुठल्या कागदावर सही मागायला लागला तर वहीवाल्या माणसाने त्याला नम्रपणे महिनाभर थांबवावं.

शरीराकडे लक्ष द्यायला दुसरा माणूस नेमा. एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खायला दिलं (१ राजे १९). नेमका हाच क्रम पाळा. बीपीच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या पाकिटात मोजून बघा, कारण पहिल्या दोन दिवसांत त्या हमखास चुकतात. जेवण जात नसेल तर दर दोन-तीन तासांनी अर्धी वाटी पेज, ताक किंवा मऊ खिचडी द्या. छातीत दुखत असेल, दम लागत असेल तर ‘रडून रडून झालंय’ म्हणून सोडून देऊ नका, ईसीजी काढा. तीव्र धक्क्याने हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होण्याचा एक विकार आहे. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि वरून तो हार्ट अटॅकसारखाच दिसतो.

टॉवरमध्ये राहणाऱ्यांसाठी बारीकसारीक गोष्टी: गेटवरच्या वॉचमनला आधीच सांगून ठेवा, म्हणजे गावाहून आलेल्या म्हाताऱ्या आत्याला रजिस्टर भरत उभं राहावं लागणार नाही. शवपेटी लिफ्टमध्ये मावते का, हे मॅनेजरला विचारून घ्या. बऱ्याच इमारतींत ती जिन्याने उतरवावी लागते आणि त्याला सहा धट्टीकट्टी माणसं लागतात.

दफनविधीत काय सांभाळावं

भाषेकडे लक्ष द्या. नवी मुंबईत पुष्कळ ठिकाणी रविवारची उपासना इंग्रजीत असते आणि घरातल्या तरुणांना तीच सोयीची वाटते. पण माणूस रडतो आपल्या मायबोलीत. आजीने नवऱ्याला शेवटचा निरोप परक्या भाषेतल्या शब्दांनी द्यावा, हे बरोबर नाही. फादरांना किंवा पाळकांना आदल्या दिवशीच सांगा की निदान शास्त्रवाचन, एक प्रार्थना आणि तीन गीतं मराठीत हवीत. ओवी-अभंगाच्या चालीतली जुनी गीतं घेतली तर पुस्तक न बघता सगळे गातात. पेटी-तबला वाजवणारा माणूस असेल तर त्याला आधी कळवा. उपदेश दहा-बारा मिनिटांचा पुरे. मयताच्या शवपेटीसमोर उभं राहून जमलेल्या परधर्मीय शेजाऱ्यांना उद्देशून अर्धा तास बोलणं म्हणजे घरच्यांच्या दुःखाचा वापर करणं आहे. ते होऊ देऊ नका.

कबर किती वर्षं राहणार, हे त्याच आठवड्यात विचारून घ्या. जागेच्या टंचाईमुळे अनेक दफनभूमींत कबर काही वर्षांनी पुन्हा वापरतात आणि अस्थी वेगळ्या कप्प्यात ठेवतात. कुटुंबाला हे नंतर अचानक कळलं तर जखम पुन्हा उघडते. दहनाचा विचार असेल तर कॅथलिक चर्चने १९६३ पासून त्याला मुभा दिलेली आहे. मात्र २०१६ च्या सूचनेप्रमाणे रक्षा विखुरायची नाही, घरीही ठेवायची नाही, पवित्र जागी ठेवायची.

भेटायला जाताना

वीस मिनिटं बसा. चहा घेऊ नका, ‘आत्ताच घेऊन आलो’ म्हणा. ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. त्यांचं तेवढंच बरोबर होतं, तोंड उघडल्यावर बिघडलं.

‘देवाची इच्छा’, ‘देवाला तिची जास्त गरज होती’, ‘तुम्ही तर विश्वासातली माणसं, रडायचं नाही’ ही वाक्यं बोलणाऱ्याला सोपी जातात आणि ऐकणाऱ्याला वर्षानुवर्षं टोचतात. शेवटच्या वाक्याला पौलाचा आधार दिला जातो, पण १ थेस्सलनीका ४:१३ मध्ये पौल शोक करू नका म्हणत नाही. आशा नसलेल्या लोकांसारखा शोक करू नका, एवढंच म्हणतो. लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेपाशी रडला (योहान ११:३५). याहून स्पष्ट परवानगी कुठली हवी?

सर्वांत घातक वाक्य म्हणजे ‘विश्वास कमी पडला म्हणून बरे झाले नाहीत’. आजारपणात रात्ररात्र प्रार्थना केलेल्या बायकोच्या कानावर हे गेलं तर नवऱ्याबरोबर तिचा देवही जातो. कुणी असं बोललं तर त्याला बाजूला घेऊन २ तीमथ्य ४:२० दाखवा. पौलाने आपला सहकारी त्रफिम याला मिलेतात आजारीच सोडलं होतं. विश्वास कमी पडला असं पौलाबद्दल कोण म्हणेल?

मग बोलायचं काय? गेलेल्या माणसाचं नाव घ्या. त्याची एखादी छोटी खरी आठवण सांगा: ‘काका पार्किंगमध्ये माझ्या मुलाला सायकल शिकवायचे.’ नाहीतर म्हणा, ‘काय बोलावं सुचत नाही, नुसता बसायला आलोय.’ ‘काही लागलं तर सांगा’ असं म्हणू नका, कुणीच सांगत नाही. ‘गुरुवारी संध्याकाळी डबा आणतो, भाकरी चालेल का?’ असं विचारा, म्हणजे मान हलवली तरी पुरते.

कुणाला पंडिता रमाबाईंचं उदाहरण द्यावंसं वाटतं. १८७४ मध्ये दुष्काळाच्या दिवसांत आईवडील गेले, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती, आणि १९२१ मध्ये मुलगी मनोरमा, तरी त्यांचं काम थांबलं नाही. उदाहरण खरं आहे आणि मोठंही आहे. पण पहिल्या दोन-तीन महिन्यांत ते ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की आपण तितके मोठे नाही. तो माणूस स्वतः विचारेल तेव्हा सांगा.

तक्रारीची प्रार्थना: विलाप कसा करावा

शोकातला ख्रिस्ती माणूस बहुतेक वेळा प्रार्थना सोडतो ती विश्वास उडाला म्हणून नाही. मनात राग असताना ‘धन्यवाद, प्रभू’ म्हणणं त्याला खोटं वाटतं म्हणून. चर्चमध्ये त्याला स्तुतीची भाषा शिकवलेली असते, तक्रारीची कुणी शिकवलेली नसते. पवित्र शास्त्रात मात्र ती भरपूर आहे. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं सरळसरळ गाऱ्हाणी आहेत. खुद्द येशूने वधस्तंभावर बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ उच्चारली, म्हणजे देवाने सोडून दिल्याची हाक मारली. सांत्वनातला विश्वासाचा भाग इथून सुरू करावा असं आमचं ठाम मत आहे. आशेची वचनं नंतर येतात आणि मग ती टिकतात.

शिकायला तेरावं स्तोत्र घ्या. सहाच वचनं आहेत आणि घडण स्वच्छ आहे. पहिल्या दोन वचनांत तक्रार आहे, ‘किती काळ’ हा प्रश्न चार वेळा येतो. तिसऱ्या-चौथ्यात मागणी, पाचव्या-सहाव्यात भरवसा. याच घडणीवर स्वतःचा विलाप लिहायचा:

१. वहीचं कोरं पान आणि पेन घ्या, मोबाइलवर नको. वेळ वीस मिनिटांचीच ठेवा, गजर लावा. मर्यादा नसली तर माणूस त्यात बुडतो किंवा घाबरून बसतच नाही.

२. पहिली ओळ हाकेची. देवाला ज्या नावाने लहानपणापासून हाक मारता तेच लिहा: प्रभू, बापा, देवबाप्पा, जे असेल ते.

३. नंतरच्या पाच-सहा ओळी तक्रारीच्या. मोठे शब्द टाळा, रोजचं लिहा. उदाहरणार्थ: ‘बापा, किती दिवस मी सकाळी चहाला दोन कप काढू आणि एक परत ठेवू? किती दिवस तिचा फोन चार्ज करत राहू? तू हे बघतोस ना? मग गप्प का?’

४. पुढे एक-दोन मागण्या, आजच्या दिवसापुरत्या. ‘आज रात्री चार तास झोप दे. उद्या बँकेत फॉर्म भरताना हात कापू देऊ नकोस.’

५. शेवट भरवशाचा, पण आतून आला तरच. आला नाही तर अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र उघडून बघा. ते अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची ओळ नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. तुमचंही अर्धं राहिलं तरी ती प्रार्थनाच आहे.

६. मोठ्याने वाचा. एकट्याने वाचवत नसेल तर ऐकायला एक माणूस बोलवा. त्याने फक्त शेवटी ‘आमेन’ म्हणायचं.

आठवड्यातून दोनदा पुरे. रोज लिहिल्याने जखम खरवडल्यासारखी होते. ज्यांना मोकळं लिहिता येत नाही त्यांना विलापगीताची तऱ्हा उपयोगी पडते. त्या पुस्तकाचे पाच अध्याय आहेत आणि पहिल्या चारांची मूळ रचना हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांच्या क्रमाने बांधलेली आहे. यरुशलेम उद्ध्वस्त झालेलं असताना कवीने दुःखाला अक्षरांचा कठडा घातला. आपण गेलेल्या माणसाच्या नावातली अक्षरं उभी लिहून प्रत्येकापुढे एक ओळ लिहू शकतो. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजींसाठी दुसऱ्याने लिहावं. आजी ज्या चालीत बोलतात, तीच चाल ठेवावी.

यात चुकतं कुठे, तर पुढारी लोक दुसऱ्याचा विलाप ऐकून लगेच उत्तर द्यायला धावतात. तक्रार देवाकडे केलेली आहे, तिचं उत्तर आपण द्यायचं नसतं. दुसरी चूक म्हणजे असा विलाप परवानगी न घेता व्हॉट्सअॅपवर ‘प्रार्थनाविनंती’ म्हणून टाकणं. एकदा असं झालं की तो माणूस पुन्हा कुणापुढे तोंड उघडत नाही.

बावन्न आठवड्यांचं वेळापत्रक

आता वही उघडा. आलेल्यांपैकी दहा-बारा कुटुंबं निवडा. जास्त नकोत, नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसरा करेल. पहिले दहा दिवस घरात माणसं असतात, तेव्हा डबे नेऊ नका, ते वाया जातात. अकराव्या दिवसापासून सहाव्या आठवड्यापर्यंत दर मंगळवारी आणि शुक्रवारी एक डबा. चार माणसांना दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मूगडाळीची खिचडी किंवा दहा-बारा पोळ्या, एक सुकी भाजी आणि आमटी भरपूर होते. परत न करावे लागणारे डबे वापरा. कुणाचा डबा कुठला, हे लक्षात ठेवणं त्या दिवसांत डोंगराएवढं वाटतं. घरात मधुमेही आहे का ते वहीत लिहून ठेवा, कारण सांत्वन म्हणून गोड नेणारे बरेच असतात.

सातव्या आठवड्यापासून डबे थांबवा आणि सोबत सुरू करा. आठवड्यातून एकदा एकाने चाळीस मिनिटं बरोबर चालायला जायचं. ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठाने, वाशीत मिनी सी-शोअरवर, नेरुळ-सीवूड्सच्या लोकांनी पाम बीच रोडलगत. समोरासमोर खुर्चीत बसून जे बोललं जात नाही ते शेजारी चालताना सहज बाहेर येतं, विशेषतः पुरुषांच्या तोंडून. बायको गेलेल्या पुरुषाला मंडळी फार लवकर विसरते. महिला मंडळाला त्याच्या घरी जायला संकोच वाटतो आणि पुरुषांचं मंडळ बहुतेक ठिकाणी नुसतं नावाला असतं. त्याच्यासाठी दोन पुरुषांची नावं ठरवूनच टाका.

या काळात माणूस एक दिवस हसतो, दुसऱ्या दिवशी कोसळतो, आणि लोक गोंधळतात. शोकाच्या पाच पायऱ्यांची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. पण १९६९ मध्ये एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी ती मांडली ती मरणाला टेकलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी चढायचा तो जिना नव्हे. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलेली कल्पना घरात जे दिसतं त्याच्याशी जास्त जुळते. माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांत झोपाळ्यासारखा ये-जा करतो, आणि ही ये-जा निरोगी आहे. म्हणून विधवा बाईने दोन महिन्यांत भाचीच्या लग्नात साडी नेसून फोटो काढला तर कुजबुज नको. आणि सहा महिन्यांनी ती प्रभुभोजनाच्या वेळी उठून बाहेर गेली तर तोही विश्वासाचा ऱ्हास नव्हे.

तारखा आधीच मांडा. तिसावा दिवस, वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, २ नोव्हेंबर (सर्व मृतांचा स्मरणदिन), नाताळ, शुभ शुक्रवार, ईस्टर, वर्षश्राद्धाऐवजी आपल्याकडे होणारी वर्षाची मिस्सा किंवा स्मरणप्रार्थना. यांतली प्रत्येक तारीख येण्याआधीचे चार-पाच दिवस त्या दिवसापेक्षा जड जातात, तेव्हा फोन आधी करा. २ नोव्हेंबरला दफनभूमीत गर्दी असते. पहिल्याच वर्षी जाणाऱ्या कुटुंबाला आदल्या संध्याकाळी नेऊन कबर साफ करून, फुलं-मेणबत्त्यांची तयारी करून ठेवली तर गर्दीत ते हरवत नाहीत. काही प्रोटेस्टंट मंडळ्या ईस्टरच्या पहाटे दफनभूमीतच उपासना करतात. पहिल्या वर्षी या उपासनेला जाण्यासारखा आधार नाही, पण सोबतीला कुणीतरी हवं.

नाताळाचं डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात ठरवा. ‘या वर्षी आमच्याकडे नाताळ नाही’ असं घर म्हणतं, आणि मुलांना तेही सोसवत नाही. मधला मार्ग निघतो: तारा लावायचा, पार्टी नाही. करंज्या घरी न करता मंडळीतून थोड्या यायच्या. जेवताना गेलेल्या माणसाच्या नावाने एक मेणबत्ती. कॅरल म्हणणारी मुलं त्या घराला न विचारता वगळतात, ही दरवर्षीची चूक आहे. वगळल्याने घर आणखी एकटं पडतं. आधी जाऊन विचारा: ‘येऊ का? एकच शांत गीत म्हणून निघू.’

फ्लॅट विकणं, गावी परत जाणं, कपडे वाटून टाकणं, दुसरं लग्न असे निर्णय शक्य असेल तर वर्षभर पुढे ढकला. कपड्यांच्या बाबतीत घरच्यांवर घाई करणाऱ्या नातेवाइकांना आवरा. एका गोणीत भरून माळ्यावर ठेवता येतात, फेकलेला शर्ट परत मिळत नाही.

सांत्वन-गट चालवायचा असेल तर

मंडळीत वर्षाला पाच-सहा मृत्यू होत असतील तर गट सुरू करा. जेमतेम दोन असतील तर शेजारच्या चर्चबरोबर मिळून चालवा. कॅथलिक-प्रोटेस्टंट असा भेद इथे आड येत नाही. माणसं सहा ते आठ, चालक दोन. एकच असला आणि आजारी पडला तर गट मोडतो. चालकाचं स्वतःचं दुःख निदान दोन वर्षं जुनं असावं. मृत्यूला दोन-तीन महिने होऊन गेल्यावरच माणसाला गटात घ्या. त्याआधी तो ऐकतो पण आत काही जात नाही. मूल गेलेले आईबाप असतील तर त्यांना शक्यतो त्याच दुःखातलं आणखी एखादं जोडपं मिळवा. नव्वदीच्या वडिलांबद्दल बोलणाऱ्यांमध्ये ते फार एकटे पडतात.

पंधरा दिवसांतून एकदा, अशा आठ बैठका. प्रत्येक दीड तासाची, शनिवारी संध्याकाळी पाचला किंवा रविवारी उपासनेनंतर. कामाच्या दिवशी ठेवली तर ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीतून येणारे तिसऱ्या वेळी येत नाहीत. जागा संडे स्कूलची खोली. शवपेटी जिथे ठेवली होती त्या वेदीसमोर बसवू नका. खुर्च्या गोल, मध्ये मेणबत्ती आणि रुमालांचा डबा. रडणाऱ्याच्या हातात रुमाल देऊ नका. तसं दिलं की त्याला ‘आता पुरे’ असं ऐकू येतं. ज्याला हवा तो उचलेल.

पहिली दहा मिनिटं शांतता आणि मेणबत्ती. दहा मिनिटं शास्त्रवाचन, स्पष्टीकरण न देता, दोनदा. मग पंचेचाळीस मिनिटं बोलणं, प्रत्येकाला पाच-सहा मिनिटं, आणि ‘आज नको’ म्हणायची मोकळीक. पंधरा मिनिटं लिहिणं, शेवटची दहा प्रार्थना. चहा त्यानंतर. बैठकींचे विषय या क्रमाने घ्यावेत: आधी माणूस कसा होता, फोटो घेऊन. मग शेवटचे दिवस. मग देवावरचा राग, त्यासाठी स्तोत्र ८८. मग ‘वेळेवर नेलं असतं तर’ ही अपराधी भावना. पाचवी बैठक शरीर, झोप आणि पैशाची. सहावी घरातल्या इतरांची, सातवी सणांची, शेवटची पुढच्या सोबतीची. नवरा आणि दोन्ही मुलगे गमावलेल्या नामीच्या गोष्टीसाठी पवित्र शास्त्रातलं रूथचं पुस्तक हाताशी ठेवा. ‘मला मारा म्हणा’ म्हणजे ‘कडू म्हणा’ असं ती गावात आल्यावर उघड सांगते, आणि कुणी तिला गप्प करत नाही.

सर्वाधिक गळती तिसऱ्या बैठकीनंतर होते. देवावर रागावल्याची लाज वाटून माणूस परत येत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी चालकाने प्रत्येकाला फोन करावा, दोनच मिनिटांचा. एकच जण सगळा वेळ खातो, ही दुसरी अडचण. मनगटी घड्याळ मांडीवर ठेवून ‘यावर पुढच्या वेळी अजून ऐकू’ म्हणायला शिका. आणि चालकाला प्रवचनाची सवय असेल तर त्याला चालक करू नका, तो कितीही चांगला वक्ता असो.

मुलं

आपल्याकडे ‘प्रभूमध्ये झोपी गेले’ म्हणायची सुंदर पद्धत आहे, पण सहा-सात वर्षांच्या आतल्या मुलाला ते शब्दशः कळतं आणि ते झोपायला घाबरू लागतं. ‘देवाने नेलं’ म्हटलं की देव चोर ठरतो. सरळ सांगा: ‘आजोबा वारले, म्हणजे त्यांचं शरीर बंद पडलं, ते आता उठणार नाहीत. ते येशूजवळ आहेत असा आपला विश्वास आहे.’ तेच प्रश्न दहादा येतील, दहादा तेच उत्तर द्या. दफनाला न्यायचं की नाही हे मुलाला विचारा, काय दिसेल ते आधी सांगा आणि सोबत असा एक मोठा माणूस द्या जो मध्येच उठून बाहेर येऊ शकेल.

आत्महत्येने मृत्यू झाला असेल तर

पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन होतं, पार्थिव मिळायला वेळ लागतो. कुटुंबाला एकटं त्या बाकावर बसू देऊ नका. ‘चर्चमध्ये विधी होणार नाही’ असं अजूनही सांगणारे भेटतात. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायद्याने आत्महत्या केलेल्यांवरची ती बंदी ठेवलेली नाही, आणि १९९२ च्या धर्मशिक्षणात गंभीर मानसिक त्रासाने जबाबदारी कमी होते असं म्हणून त्यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं आहे. कारणं शोधू नका, चिठ्ठीबद्दल विचारू नका, आणि कुटुंबाला हवं नसेल तर कारण कुणाला सांगूही नका.

डॉक्टर कधी

मरून जावंसं वाटतं असं कुणी बोललं तर त्याच क्षणी, तारीख न बघता. टेली-मानस ही सरकारी मदतसेवा १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. फोन त्या माणसाजवळ बसून लावा, तो स्वतः लावेल या भरवशावर घरी येऊ नका. याशिवाय सहा महिने उलटूनही रोजचं काम जमत नसेल, दारू वाढली असेल, वजन झपाट्याने उतरलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाला स्वतंत्र आजार मानलं आहे आणि त्यासाठी किमान सहा महिन्यांचीच मुदत धरली आहे. आपल्या भाषेत ‘ठाण्याला पाठवा’ हा वाक्प्रचार इतका रुळला आहे की ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात पाऊल ठेवायलाही माणसं घाबरतात. तिथे केस पेपर काढून, डॉक्टरांशी बोलून, गोळ्या घेऊन त्याच दिवशी घरी येता येतं. पाळकांनी किंवा फादरांनी वेदीवरून एकदा स्पष्ट सांगावं की गोळी घेणं आणि प्रार्थना करणं यांत भांडण नाही. त्या एका वाक्याने घरच्यांचं निम्मं काम सोपं होतं.

वर्ष झाल्यावर

वर्षाच्या मिस्सेनंतर किंवा स्मरणप्रार्थनेनंतर लोक ‘आता सावरा’ म्हणतात. काहींना दुसरं वर्ष पहिल्याहून कठीण जातं, कारण पहिल्या वर्षी सगळे विचारत होते. म्हणून वही मिटू नका. डबे, फेरफटके, गट हे सगळं थांबू दे, पण दहा-बारा कुटुंबांतल्या एकाकडे ती मृत्यूची तारीख आणि तो वाढदिवस मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये दरवर्षीसाठी लावून ठेवा. त्या दिवशी सकाळी फोन करून नावानिशी म्हणायचं, ‘आज मायकलकाकांची आठवण आली.’

मग पलीकडून जे येईल ते ऐकायचं.